राखेने राखलेले अरण्य

मराठीत ‘राख’ आणि ‘राखणे’ हे दोन शब्द एकाच घरातल्या भावंडांसारखे नांदतात. ‘रक्षा’ हा शब्द तर आपण चितेवरून उचललेल्या भस्मालाही लावतो आणि संरक्षणालाही. एखाद्याचा संसार धुळीला मिळाला म्हणजे त्याची राखरांगोळी झाली असे आपण हळहळून म्हणतो. आणि पोर तापाने फणफणले की आजी त्याच्या कपाळाला चिमूटभर अंगारा लावते, तोही राखेचाच. कोकणात नि मावळात पावसाळ्याच्या तोंडावर शेतकरी राब भाजतो आणि त्या राखेच्या गादीवर भाताची रोपे तरारून वर येतात. सर्वनाशाची खूण तीच आणि सांभाळ करणारी शक्तीही तीच, अशी दुहेरी जाण आपल्या भाषेने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे.

ही जाण किती खरी आहे याचा मोठा दाखला मला मिळाला तो मात्र सात समुद्रांपलीकडचा. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात आयडाहो नावाचे एक राज्य आहे. त्याच्या उत्तर भागातल्या डोंगरउतारांवर सीडार, फर, पाइन, लार्च अशा सूचिपर्णी वृक्षांची दाट अरण्ये उभी आहेत. ज्या मातीवर ती उभी आहेत, त्या मातीचा वरचा थर आकाशातून पडलेला आहे. काही हजार वर्षांपूर्वी तेथे राखेचा पाऊस झाला. त्या दिवशी तिथल्या जिवांना जगबुडीच आल्यासारखे वाटले असेल. आज त्याच राखेच्या आधाराने तिथले अरण्य तगून आहे.

या मातीची हकीगत वाचकांना सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे येतात. पण मातीलाही इतिहास असतो, आणि तो वाचायला दप्तरखान्याची परवानगी लागत नाही. एक फावडे आणि थोडा धीर पुरतो.

१

या कथेचा आरंभ आयडाहोत होत नाही. तो होतो तेथून नैर्ऋत्येला सुमारे 600 किलोमीटरवर, ऑरेगन राज्यात. पुणे आणि नागपूर यांमध्ये सरळ रेषेत जेवढे अंतर आहे, साधारण तेवढेच हे अंतर.

ऑरेगनमध्ये आज ‘क्रेटर लेक’ नावाचे एक विलक्षण सरोवर आहे. त्याची खोली 594 मीटर. अमेरिकेत याहून खोल सरोवर नाही. त्यात एकही नदी येऊन मिळत नाही आणि त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पावसाचे नि बर्फाचे पाणी तेवढे साठलेले, आणि त्याचा रंग गडद निळा. 12 जून 1853 रोजी सोन्याच्या शोधात हिंडणारा जॉन वेस्ली हिलमन नावाचा एक तरुण या सरोवराच्या काठावर येऊन थबकला. या सरोवराला पाहून आलेल्यांपैकी बाहेरच्या जगाला माहीत झालेला पहिला गोरा माणूस तो. सोने त्याला मिळाले नाही. सरोवराला ‘खोल निळे तळे’ असे नाव देऊन तो परतला.

हे तळे जिथे आहे तिथे पूर्वी एक पर्वत होता, हे हळूहळू उमगत गेले. 1896 साली गिर्यारोहकांच्या ‘मझामा’ मंडळाने त्या नसलेल्या पर्वताला आपले नाव दिले, म्हणून तो माउंट मझामा. नाहीशा झालेल्या डोंगराचे बारसे व्हावे, हीही एक गंमतच! पुढे हॉवेल विल्यम्स या भूशास्त्रज्ञाने त्या परिसरातला खडकन्‌खडक तपासला आणि 1942 साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. पर्वताचे शिखर उडून गेले नाही, ते आत कोसळले, हे त्याने तपशिलाने दाखवले. पोटातला तप्त रस बाहेर फेकला गेल्यावर पर्वताला आतून आधार उरला नाही आणि सुमारे 12,000 फूट उंचीचा तो डोंगर स्वतःच्याच पोकळीत बसला. सुमारे 7,700 वर्षांपूर्वीची ही घटना. बाहेर पडलेल्या शिलारसाचे माप सुमारे 50 घन किलोमीटर इतके काढले जाते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ज्वालामुखीची राख आणि आपल्या चुलीतली राख यांचे नाव एक असले तरी कूळ वेगळे. चुलीतली राख म्हणजे लाकूड जळून मागे राहिलेले क्षार. ज्वालामुखीची राख जळालेली नसतेच. खडकाचा वितळलेला रस वायूंच्या दाबाने हवेत उडतो, त्याच्या चिंधड्या होतात आणि त्या जागच्या जागी थिजून काच बनतात. फुटक्या बांगड्या खलबत्त्यात घालून मैद्यासारख्या कुटाव्यात, तशी ही पूड. तिने भांडी घासायला गेले तर भांड्यांवर चरे पडतील.

अशी काचेची पूड वाऱ्यावर स्वार होऊन ईशान्येकडे निघाली. आजच्या हिशेबाने अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडाचे तीन प्रांत यांवर ती पसरली. तिचे सूक्ष्म कण ग्रीनलंडच्या बर्फातही सापडले आहेत. हे घडले कोणत्या ऋतूत, हेसुद्धा शास्त्रज्ञांनी शोधून काढले. माँटानामधल्या एका दलदलीच्या तळाशी राखेचा थर आहे, आणि त्या थराच्या खालीवर फुलांचे परागकण साचलेले आहेत. कोणत्या झाडाचा फुलोरा कधी येतो हे ठाऊक असले की राख कोणत्या दिवसांत पडली ते सांगता येते. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की राखेचा पहिला वर्षाव शरद ऋतूत झाला. म्हणजे आपण अंगणात आकाशकंदील लावतो, साधारण त्याच सुमारास.

२

त्या शरद ऋतूत तेथे माणसे होती काय?

होती. ऑरेगन विद्यापीठाचे ल्यूथर क्रेसमन यांनी 1938 साली फोर्ट रॉक नावाच्या गुहेत उत्खनन केले. मझामाच्या राखेचा थर लागला आणि त्याच्या खाली काय निघावे? चपला! सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीचे दोर वळून विणलेल्या, डझनावारी चपला. त्या काळी अनेक पंडितांना अमेरिकेतली मनुष्यवस्ती इतकी जुनी असल्याचे पटत नव्हते. पुढे कर्बकालमापनाची पद्धत निघाली आणि 1951 मध्ये त्या चपलांचे वय सुमारे 9,000 वर्षे असल्याचे जाहीर झाले. राखेने त्या चपला झाकल्या होत्या, म्हणूनच त्या शिल्लक राहिल्या. राखेने राखण्याचा हा एक पहिला दाखला.

त्या भागातल्या क्लॅमथ लोकांच्या परंपरेत एक कथा आहे. पाताळाचा अधिपती ल्लाओ या पर्वतात राहत असे. आकाशलोकाचा अधिपती स्केल याच्याशी त्याचे तुंबळ युद्ध झाले. दोघे एकमेकांवर तप्त शिळा फेकू लागले, अंधार दाटला, आणि अखेर ल्लाओचा पर्वत त्याच्यावरच कोसळला. मग त्या खड्ड्यात पाणी भरले. भूशास्त्रज्ञांचा प्रबंध आणि ही कथा शेजारी ठेवून पाहा. शिळांचा वर्षाव, अंधार, पर्वताचे खचणे, सरोवराचे होणे, सारा क्रम जुळतो. ज्यांच्या पूर्वजांनी हे पाहिले, त्यांनी ते शेकडो पिढ्या तोंडी सांभाळले असे अनेक अभ्यासक मानतात. विल्यम्सचा प्रबंध निघण्याच्या कितीतरी आधी क्लॅमथ आज्या नातवंडांना पर्वत आत कोसळल्याचे सांगत होत्या!

३

आता आपण उत्तर आयडाहोतल्या अरण्यात एक खड्डा खणू. मी ते अरण्य डोळ्यांनी पाहिलेले नाही. पण मृदाशास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन इतक्या बारकाईने करून ठेवले आहे, की त्यांच्या बोटाला धरून कोणीही खाली उतरावे. लाटा परगण्यात एक ओढा आहे, त्याचे नाव ‘थ्रीबेअर’, म्हणजे तीन अस्वले. त्या ओढ्याच्या नावावरून तिथल्या मातीला थ्रीबेअर हे नाव मिळाले, आणि पुढे साऱ्या आयडाहो राज्याची प्रातिनिधिक माती म्हणून तिची निवड झाली. पोताने ती गाळवट पोयटा आहे. तिची पाने एकेक करून उलटू.

सर्वांत वर पाचोळा. झाडांच्या वाळक्या सुया, काटक्या, शेवाळ, इंच-दोन इंच जाडीचे. वरच्या सुया अजून ओळखू येतात. खालच्या कुजून काळ्या पडलेल्या आणि बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकींत गुंतलेल्या.

त्याखाली पातळसा, काळपट मातीचा थर. पाचोळ्याचा कस राखेत मिसळून हा झाला.

मग येते खरे पान. दीड-दोन फूट जाडीचा, तांबूस तपकिरी, भुसभुशीत थर. हीच ती मझामाची राख, आता माती झालेली. वाऱ्याने आणलेली थोडी धूळ तिच्यात मिसळलेली आहे, पण मुख्य ऐवज राखेचाच. चिमटीत घेऊन चोळली तर बारीक दळलेल्या पिठासारखी लागते, कारण तिच्यात वाळूहून बारीक आणि चिकणमातीहून जाड असे गाळाचे कण भरपूर. दिवाळीत किल्ला करणारी आपली मुले हिच्यावर मुळीच खूष होणार नाहीत. चिकटपणा जवळजवळ नाही. बुरूज उभा करावा तर ढासळायचा. पण किल्ल्याला नापास झालेली ही माती झाडांना मात्र पहिल्या वर्गात पास!

तिचा पहिला गुण हलकेपणा. साधी शेतजमिनीची माती एक लिटरच्या मापात, कोरडी, सुमारे 1,300 ग्रॅम भरते. ही राखेची माती 900 ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे तेवढ्याच पाण्याहून ती हलकी. हलकी कशामुळे? पोकळ्यांमुळे. या मातीचे निम्म्याहून अधिक आकारमान रिकामेच असते. त्या पोकळ्यांत पाणी आणि हवा, दोन्ही सुखाने राहतात, आणि कोवळी मुळे वाट काढीत जातात.

दुसरा गुण पाणी धरण्याचा, आणि त्याचे मोल समजायला तिथले हवामान पाहिले पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यानंतर पाऊस. तिकडे उलटे. हिवाळ्यात बर्फ आणि पाऊस, आणि ऐन उन्हाळ्यात, झाडांच्या वाढीच्या दिवसांत, आठवडेच्या आठवडे आभाळ कोरडे. वसंतात बर्फ वितळले की ते पाणी ही माती स्पंजासारखी शोषून घेते आणि उन्हाळाभर झाडांना पुरवून पुरवून देते. घरातल्या मोठ्या सुनेने दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवावा, तसाच हा प्रकार.

राखेच्या थराखाली फिकट रंगाची माती लागते. ही हिमयुगातल्या वाऱ्यांनी वाहून आणलेली धूळ. मझामा फुटला तेव्हा ही जमीन वर होती. हिच्यावरच त्या वेळची हरणे चरत होती आणि माणसे चालत होती. राख आणि ही धूळ यांमधली रेघ काही ठिकाणी सुरीने कापल्यासारखी स्पष्ट दिसते. काही ठिकाणी उन्मळून पडलेल्या झाडांनी दोन्ही थर ढवळून ती पुसट केली आहे. जिथे दिसते तिथे तिच्यावर बोट ठेवावे आणि म्हणावे, हा तो दिवस.

आणि सर्वांत खाली एक कठीण थर. सुकल्यावर विटेसारखा टणक, ओला असताना बोटांत तुटणारा, पण मुळांना दाद न देणारा. पाणीही त्यातून मोठ्या मुश्किलीने झिरपते. वसंतात ते त्याच्यावर तुंबून राहते. याचा अर्थ असा, की शंभर शंभर फूट उंचीच्या वृक्षांचा बराचसा संसार वरच्या त्या दीड-दोन फूट राखेत चाललेला असतो. खाली कुलूप आहे.

४

काचेची पूड सुपीक माती कशी झाली, हे कोडे विसाव्या शतकात उलगडले आणि त्यात जपानी संशोधकांचा वाटा मोठा आहे.

काच आपल्याला टिकाऊ वाटते. पण खडकातल्या स्फटिकांशी तुलना केली तर ती घाईघाईत बनलेली, घडी न बसलेली वस्तू. पाणी तिच्यातले सिलिका आणि ॲल्युमिनियम हळूहळू सोडवून घेते, आणि त्यांच्यापासून अतिसूक्ष्म अशी नवी द्रव्ये तयार होतात. त्यांपैकी एकाला ॲलोफेन म्हणतात. त्याचे कण म्हणजे आतून पोकळ असे अत्यंत लहान गोळे. दुसरे इमोगोलाइट, ज्याचे कण पोकळ नळ्यांसारखे; ते 1962 साली योशिनागा आणि आओमिने या दोघांनी जपानच्या क्यूशू बेटावरल्या राखेत शोधले. पाणी साठवायला असंख्य पोकळ घडे आणि नळ्या निसर्गाने स्वतःच घडवून ठेवल्या, असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात पाहणीसाठी गेलेल्या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञांना तिथली राखेची माती इतरांहून निराळी असल्याचे जाणवले. जपानी भाषेत ‘आन’ म्हणजे गडद आणि ‘दो’ म्हणजे माती. त्यावरून ‘आंडो’ माती हे नाव रूढ झाले. पण मातीच्या वर्गवारीत तिला स्वतःचे घर मिळायला बराच काळ लागला. गाय स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1978 साली तिच्यासाठी स्वतंत्र गण हवा असा प्रस्ताव मांडला आणि 1990 मध्ये तो ‘अँडिसोल’ या नावाने मान्य झाला. जगाच्या बर्फमुक्त जमिनीत या मातीचा वाटा शेकडा एकाच्या आसपास आहे. आयडाहोची माती याच गणातली. नाव गडद मातीचे असले तरी अरण्याखाली तिचा रंग तपकिरी राहिला, एवढाच फरक.

या मातीत एक खोडही आहे. फॉस्फरस हे वनस्पतींचे मोठे अन्न. ही माती ते अशा घट्ट मुठीत धरते की पिकांना ते सहजासहजी मिळत नाही. अरण्यातल्या झाडांनी त्यावर तोड काढली आहे. त्यांच्या मुळांना बुरशीचे बारीक धागे जोडलेले असतात, आणि ते धागे कानाकोपऱ्यांत शिरून फॉस्फरस मिळवून देतात. बदल्यात झाड बुरशीला साखर देते. हा हजारो वर्षांचा सौदा आहे, आणि त्यात दोघांपैकी कोणीही अजून दिवाळे काढलेले नाही.

५

येथे माझ्या सांगण्याचा गाभा येतो. राख तर सर्वत्र पडली. डोंगरांवर, गवताळ माळांवर, नदीकाठी. मग ती आज जाड थराच्या रूपाने मुख्यतः अरण्यांतच का सापडते?

कारण उघड्या जागी ती टिकली नाही. हलकी असल्यामुळे माळांवरून वाऱ्याने उडवली, उतारांवरून पाण्याने धुऊन नेली. दक्षिणेकडे तोंड केलेल्या, उन्हाने भाजणाऱ्या विरळ उतारांवर ती थोडीच उरली. जिथे झाडी दाट होती, तिथे फांद्यांनी पावसाचा मारा झेलला, पाचोळ्याने वरून पांघरूण घातले, मुळांनी खालून मूठ आवळली. तिथे राख राहिली. आणि जिथे राख राहिली, तिथे उन्हाळ्यात ओल राहिली. जिथे ओल राहिली, तिथे झाडी अधिक दाट झाली. अरण्याने राख राखली आणि राखेने अरण्य राखले. कोणी कोणावर उपकार केला, हे आता सांगता येणार नाही.

आपल्याही भूमीवर कधी काळी अशी राख पडली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगातली दगडी हत्यारे मिळाली आहेत. सुमात्रा बेटावरचा टोबा ज्वालामुखी सुमारे 74,000 वर्षांपूर्वी फुटला, तेव्हाची ती राख असे काही विद्वान म्हणतात. ती त्याहून कितीतरी जुनी आहे असा इतरांचा पक्ष. वाद काहीही असो, आपल्याकडे ती राख आज नदीकाठच्या गाळात, खळग्याखळग्यांत तेवढी उरली आहे. आपली काळी कसदार जमीन तिच्यापासून झालेली नाही. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा कातळ झिजून झाली. तीही अग्नीचीच लेक. पण स्वभावाने अगदी वेगळी. आपली काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पायाला चिकटते. आयडाहोची माती फुगत नाही आणि रुसतही नाही. पण एकदा दुखावली तर लवकर भरून येत नाही. ती दुखावली कशी, ते आता पाहू.

६

1805 च्या सप्टेंबरात लुईस आणि क्लार्क यांची प्रसिद्ध मोहीम बिटररूट पर्वत ओलांडून या भागात उतरली. अरण्य इतके निबिड की शिकार मिळेना. बरोबरची शिंगरे मारून खाण्याची पाळी आली. अखेर वीइप नावाच्या कुरणाशी नेझ पर्स लोकांची वस्ती भेटली. त्यांनी या भुकेल्या परक्यांना वाळवलेला मासा आणि कॅमस नावाचे कंद खाऊ घातले. कुदळीऐवजी टोकदार काठीने कंद उकरणाऱ्या नेझ पर्स बायका या मातीची ओळख पिढ्यान्‌पिढ्या बाळगून होत्या.

शंभर वर्षांनी लाकूड व्यापारी आले. तिथला पांढरा पाइन सरळसोट, हलका आणि कापायला लोण्यासारखा. 1906 साली पॉटलॅच या गावी गिरणी सुरू झाली, ती पांढऱ्या पाइनची जगातली सर्वांत मोठी गिरणी म्हणून गाजली. लाकूड तोडलेल्या जमिनी पुढे शेतीसाठी विकल्या गेल्या. इतके मोठे वृक्ष जिथे वाढतात तिथे गहू का वाढणार नाही, असा साधा हिशेब. पण बुंध्यांचे खुंट उपटता उपटता अनेक कुटुंबांची कंबर मोडली, आणि फॉस्फरसची ती आवळलेली मूठ पिकांपुढे काही उघडेना. कित्येकांनी जमिनी सोडून दिल्या.

1910 च्या ऑगस्टमध्ये, 20 आणि 21 तारखेस, आयडाहो आणि माँटाना यांच्या अरण्यांत इतिहासप्रसिद्ध वणवा पेटला. दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर अरण्य भस्मसात झाले. 85 च्या आसपास माणसे मेली. त्यांत बहुतेक आग विझवायला गेलेले. वॉलेस गावाजवळ एडवर्ड पुलास्की नावाच्या वनरक्षकाने आपल्या सुमारे 45 माणसांना एका खाणीच्या बोगद्यात नेले. भीतीने बाहेर पळू पाहणाऱ्यांना त्याने पिस्तूल दाखवून आत थांबवले, ओल्या घोंगड्या दारावर धरल्या, आणि स्वतः भाजून निघाला. त्यातली बहुतेक माणसे वाचली. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला खोदण्याचे पाते असलेले जे हत्यार आज तिकडचे अग्निशामक वापरतात, त्याला पुलास्कीचेच नाव आहे.

एवढा वणवा झाला, तरी पुष्कळशा उतारांवर अरण्य पुन्हा उठले. झाडे जळाली होती. खालची राखेची माती जागेवर होती. तिच्यात ओल होती, बी होते. वरचे गेले तरी तळ शाबूत असला म्हणजे घर पुन्हा उभे राहते.

वणव्याला जे साधले नाही ते यंत्राने साधले. दुसऱ्या महायुद्धानंतर अरण्यात बुलडोझर आणि ओंडके ओढणारी अजस्र यंत्रे शिरली. जी माती निम्म्याहून अधिक पोकळ, तिच्यावरून, आणि तीही ओली असताना, असली यंत्रे फिरली म्हणजे काय होणार? पोकळ्या चेपल्या गेल्या. पाणी मुरेनासे झाले, मुळे शिरेनाशी झाली. अशी दबलेली जमीन कित्येक दशके पूर्ववत होत नाही. काही ठिकाणी तर पात्यांनी राखेचा थरच खरवडून ढिगाऱ्यात लोटला. तिथल्या रोपट्यांच्या वाट्याला खालची नापीक, घट्ट जमीन आली. आयडाहोच्या मध्य-उत्तर भागातल्या काही तोडलेल्या पट्ट्यांत ब्रॅकन नेचा असा माजला की मातीचे रसायनच बदलले, आणि कित्येक वर्षे लोटली तरी झाडे परतली नाहीत.

2005 च्या नोव्हेंबरात आयडाहोतल्या कोर-द-लेन या गावी वनशास्त्रज्ञांनी केवळ या राखेच्या मातीचा विचार करण्यासाठी परिषद भरवली. त्यांच्या सल्ल्याचे सार कोणत्याही मराठी शेतकऱ्याला लगेच पटावे असे आहे. जमीन ओली असेल तेव्हा तिच्यावर यंत्र घालू नका. जमीन गोठलेली असताना किंवा जाड बर्फावरून काम करा, नाहीतर ती सुकेपर्यंत थांबा. यंत्रांच्या वाटा ठरवून घ्या आणि त्या वाटांबाहेर पाऊल टाकू नका. फांद्या, पाला जागेवर राहू द्या. आपल्याकडे वाफसा आल्याशिवाय औत घालायचे नाही, हा दंडक घरातला म्हातारा कुणबी नातवाला शिकवतो. तेच हे शहाणपण.

७

निसर्ग पुन्हा राख देणार नाही काय, असे कोणी विचारील. देतो, पण त्याचा हात कसा चालतो तेही पाहावे.

18 मे 1980, रविवार. सकाळी 8 वाजून 32 मिनिटांनी वॉशिंग्टन राज्यातला सेंट हेलेन्स पर्वत फुटला. 57 माणसे दगावली. राखेचा ढग पूर्वेला निघाला आणि याकिमा गावात दिवसाढवळ्या काळोख झाला. रस्त्यावरचे दिवे लागले. पक्षी गप्प झाले. रिट्झव्हिल गावात सुमारे दोन इंच राख साचली, आणि लोक नाकाला फडकी बांधून ती फावड्यांनी ओढू लागले. ही राख आयडाहोतही पोचली. मझामाच्या उद्रेकापुढे हा उद्रेक अगदी लहान, तरीही साऱ्या देशाची झोप उडाली.

शास्त्रज्ञांना यातून एक गोष्ट प्रत्यक्ष पाहायला मिळाली. उघड्या जागांवरून ती राख बघता बघता उडाली, वाहून गेली. अरण्यात मात्र ती झाडांखाली स्थिरावली, आणि पुढच्या वर्षांच्या सुया तिच्यावर पडत गेल्या. मझामाच्या वेळी जे घडले असेल असे अनुमानाने सांगत होते, ते डोळ्यांदेखत घडले.

आम्ही शाळामास्तर वर्गात सांगतो, की इंचभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. आयडाहोच्या अरण्याचे उदाहरण दिले तर कदाचित ती विसरणार नाहीत. दीड-दोन फूट मातीसाठी तिथे एक सबंध पर्वत खर्ची पडला. ती रुजायला, मुरायला, तिच्यात पोकळ घडे घडायला सात हजारांहून अधिक वर्षे गेली. आणि तिच्यावरून चुकीच्या दिवशी एखादे यंत्र न्यायला एक दुपार पुरते. दुसरा मझामा बोलावता येत नाही. आणि आला तरी त्याचे स्वागत करायला आपण कोणी तयार असणार नाही.

सेंट हेलेन्सची ती 1980 सालची राख आज अरण्यात पाचोळ्याखाली करड्या रंगाच्या पातळ पदरासारखी पडून आहे. अजून ती माती झालेली नाही, काचच आहे. पण वरून सुया पडताहेत, बर्फाचे पाणी झिरपते आहे, बुरशीचे धागे तिच्यात शिरताहेत. झाडे जागेवर राहिली, तर ती राखली जाईल.